खडूची फुली

"हात वर."

क्रेनवाल्याने हात वर केले, पण एकदम नाही. आधी डबा खाली ठेवला, मग टोपी काढली, आणि कुणी आपला सत्कार करणार आहे अशा थाटात दोन्ही हात पसरले.

"मावशी, गुदगुल्या करू नका हं."

"गुदगुल्या व्हायला अंगाला थोडं मांस लागतं," मावशी म्हणाली. तिचे पालथे हात त्याच्या खांद्यांपासून निघाले, काखेतून बरगड्यांवर आले, कमरेशी क्षणभर थांबले आणि घोट्यांपर्यंत उतरले. "डबा उघड."

"भाजी संपली."

"मी पंगतीला नाही बसले. उघड."

डब्यात खरकटं होतं. मावशीने डबा उपडा करून तळ बोटाने वाजवून पाहिला, मग झाकणाची आतली कड. क्रेनवाला मान हलवत फाटकाबाहेर गेला आणि रोजच्याप्रमाणे तिथेच रेंगाळला. पुढची गंमत बघितल्याशिवाय त्याचा पाय निघत नसे.

गंमत रांगेच्या शेवटी होती. मावशीचा जावई नेहमी शेवटी यायचा. शेडमध्ये त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. क्रेनवाल्यापासून सुपरवायझरपर्यंत सगळे जावईबापूच म्हणत. तो समोर आला, खांद्याची पिशवी सारखी केली आणि उभा राहिला. मावशीने मान दुसरीकडे वळवली.

"चला, चला."

"येतो आई. बाहेर थांबतो."

"सासूबाईंच्या नाक्यावर जावयाला जकात माफ!" फाटकाबाहेरून आवाज आला.

मावशीने शेवटी स्वतःची पिशवी टेबलावर उघडली, डबा, छत्री, चष्म्याची डबी एकेक बाहेर काढून पाहिली आणि परत भरली. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण सगळ्यांच्या पिशव्या बघायच्या आणि आपली तशीच न्यायची, हे तिच्या मनाला पटत नसे.

जावयाचं मात्र पटवून घेतलं होतं. तो कामावर लागला त्या पहिल्या संध्याकाळी त्याने निमूट हात वर केले होते, आणि मावशीचेच हात जागच्या जागी लाजले होते. लेकीच्या नवऱ्याच्या काखा कुठे चाचपायच्या? पुरुषांसाठी वेगळा माणूस ठेवायचं साहेब म्हणाले होते, ते म्हणण्यावरच राहिलं. बाकीच्यांना मावशीच्या हाताची सवय झाली. जावयाला "चला, चला" ची.

शेडमध्ये कारखान्यांनी काढून टाकलेले रोबो येत. सिनेमातल्यासारखे डोळे-तोंड असलेले नव्हेत. काही नुसते हात, माणसाहून उंच, पिवळे नाहीतर नारिंगी, जन्मभर एकाच जागी उभं राहून सांधे जोडलेले. काही बुटक्या गाड्या, गोदामांत माल ओढून चाकं झिजवलेल्या. त्यांचं तेल काढायचं, तारा सोलायच्या, तांबं इकडे, लोखंड तिकडे. पण सगळ्यांच्या आधी बॅटरी. गाड्यांच्या बॅटऱ्या प्रवासाच्या पेटीएवढ्या. त्यांच्यात उरलीसुरली वीज असे, ती बल्बांच्या रांगेवर जाळून संपवायची, टोकांना टेप लावायची आणि वाळू भरलेल्या पिंपात बॅटरीला निजवायचं. हातांचे सेल लहान, अंगठ्याएवढे. वीज गेली तरी हाताला आपली जागा आठवावी, म्हणून कारखान्याने दिलेली शिदोरी. ते काढले की त्या हातावर खडूने फुली मारायची. फुलीचा हात पुन्हा उघडायचा नाही, सरळ कटाईला न्यायचा. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच बहुधा कुणी मोडत नसे.

आणि तरीही भंगाराचा ट्रक रस्त्यात पेटला होता. शेडमधून निघालेलं लोखंड होतं, सगळं फुल्या मारलेलं. चालकाने वेळेवर उडी मारली म्हणून भुवया जळण्यावर निभावलं.

त्यानंतर सुपरवायझरने सगळ्यांना फाटकाशी उभं केलं. तसा गरीब माणूस. बोलताना शर्टाचं वरचं बटण लावायचा आणि काढायचा.

"फुल्या होत्या. म्हणजे सेल काढलेले होते. मग लोखंड आपोआप पेटलं का? कुणीतरी काढलेले सेल त्या लोखंडात दडवून बाहेर नेत होतं. पिंपातसुद्धा भरायला हवेत त्याहून कमी भरतायत. असल्या सेलना बाहेर गिऱ्हाईक आहे, मला माहीत आहे. कुणी टॉर्चमध्ये घालतं, कुणी खेळण्यात." त्याने बटण काढलं. "चोर आपल्यातच आहे. आणखी एकदा आग लागली, की शेडला टाळं. मग तुम्ही आणि मी, सगळेच घरी."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग, ठरवल्यासारखं, मावशीकडे.

संशय हा मावशीचा धंदा होता, पण त्याआधी तो तिचा स्वभाव होता. दूध ती वास घेतल्याशिवाय तापवत नसे. कुलूप लावल्यावर ओढून बघे, दोन पावलं गेल्यावर परत येऊन ओढे. नवरा होता तेव्हा म्हणायचा, "हिला देव भेटला तरी आधी पिशवी बघेल." तो गेल्यावर कापडाच्या गिरणीच्या फाटकावर, मग औषधांच्या गोदामावर, मग इथे, असं तिचं आयुष्य माणसं आत-बाहेर सोडण्यात गेलं. कुणाच्या खिशात काय असतं ते तिला चेहऱ्यावरून कळे. चोरी करणारा माणूस झडतीच्या हातांकडे बघत नाही, हे तिचं म्हणणं. तो मुद्दाम डोळ्यांत बघतो.

ट्रक पेटल्यापासून तिने सगळ्यांचे डबे पालथे घातले, बुटांचे तळवे वाकवून बघितले. एकाची काठी पोकळ आहे का ते आपटून बघितलं. तो बिचारा खरंच लंगडत होता. काही मिळालं नाही. तेव्हा, जिथे आपण बघितलं नाही अशी एकच जागा उरते, हे तिच्या मनात आलं आणि तिने ते परतवून लावलं. ते दुसऱ्या दाराने परत आलं.

*

लेक आणि जावई वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत, मावशी जिन्याखालच्या एका. संध्याकाळी कामावरून आली की ती हातपाय धुऊन वर जायची. बाळाला घ्यायची. बाळ आता मान सावरत होतं, आजीच्या खांद्यावर हनुवटी टेकून मागच्या भिंतीकडे मोठ्या गांभीर्याने बघायचं. मावशी पालथा हात त्याच्या पाठीवर, मानेवर, पावलांवर फिरवायची. लेक हसायची.

"त्याची पण झडती?"

"ताप बघते गं. आणि हा काय चोर नाही? झोप चोरतो तुझी."

त्या दिवशी लेक हसली नाही. ती दोरीवरचे लंगोट घडी करत होती आणि तोच तोच लंगोट पुन्हा उलगडत होती.

"आई, एक विचारू? ह्यांचं कामावर काही झालंय का?"

"काय व्हायचंय?"

"बाळाला उचलत नाहीत आजकाल. आधी दारातून आले की झडप घालायचे, मला म्हणावं लागायचं, अहो हात तरी धुवा. आता मीच पुढे करते तर म्हणतात, मांडीवर दे. खुर्चीत बसतात आणि मांडीवर घेतात. पाहुण्याचं मूल घ्यावं तसं."

"दमत असतील."

"आणि आल्या आल्या मोरीत जातात, आतून कडी. पिशवीसकट. पिशवीला कसली आंघोळ?" तिने लंगोट खाली ठेवला. "खाली जमिनीवर झोपतात. म्हणतात उकडतं. अंगाला सारखा बामाचा वास. डोकं दुखतं म्हणे. मी म्हटलं दाबून देते, तर नको." तिचा आवाज बारीक झाला. "दुसरं कुणी तर नसेल ना गं?"

मावशीने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. दुसरं कुणी नव्हतं, याची तिला खात्री होती. संध्याकाळी तो तिच्याच बरोबर घरी येत होता. पण पिशवी आणि मोरी, हे दोन शब्द तिच्या डोक्यात जाऊन बसले. फुटलेल्या सेलला गोडसर वास येतो, पिकून गेलेल्या फळासारखा. तो वास कुणाला येऊ नये म्हणून माणूस काय करील? काहीतरी तिखट, झोंबणारं वर चोपडील.

"वेडी आहेस," ती म्हणाली. "तसं काही नाही."

"मग कसं आहे?"

मोरीची कडी निघाली. जावई बाहेर आला, ओले केस, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. पिशवी बगलेत.

"बघा, बाबा आले," मावशी म्हणाली आणि तिने बाळाला त्याच्यासमोर धरलं. बाळाने दोन्ही हात पुढे केले.

जावई अर्धं पाऊल मागे सरकला. ते अर्धं पाऊल मावशीने मोजूनमापून मनात ठेवलं.

"बसतो मग द्या, आई."

तो खुर्चीत बसला, पाठ न टेकता, परीक्षेला बसल्यासारखा ताठ. बाळ मांडीवर आल्यावर मात्र त्याने आपलं नाक त्याच्या डोक्यावर टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. असलं प्रेम खोटं करता येत नाही, असं मावशीला वाटलं. मग वाटलं, चोरी करणाऱ्याला लेकरं नसतात का?

"जावईबापू," ती म्हणाली, "काही सांगायचंय का आम्हाला?"

त्याने डोळे उघडले आणि सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं.

"काय सांगायचंय? काही नाही."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात ते झालं. मावशी वर बाळाला बघून उतरत होती. जिना अरुंद होता, वरून लेकीची हाक आली म्हणून मावशी वळली आणि खाली उतरणाऱ्या जावयाला तिचं कोपर लागलं. कमरेला, शर्टावरून.

त्याने श्वास आत ओढला. मावशीच्या कोपराला जे लागलं ते कमरेचं हाड नव्हतं. इतकी वर्षं माणसांच्या कमरा चाचपल्यावर मांस कुठलं, हाड कुठलं आणि बांधलेलं कुठलं, हे कळायला हात लागत नाही. कडक होतं. उभं होतं. आणि एकाशेजारी एक, ओळीने होतं.

"लागलं का?" तिने विचारलं.

"छे. चला, उशीर होतोय."

वाटेत तो नेहमीसारखा तिची पिशवी घ्यायला पुढे आला नाही, हेही तिने पाहिलं.

दिवसभर ती फाटकावर बसून होती आणि तिच्या डोळ्यांसमोर वरची खोली होती. जमिनीवर अंथरलेली चटई, तिच्याशेजारी बाळाचं दुपटं, आणि त्या दोहोंच्या मध्ये, कुठेतरी, कशाततरी गुंडाळलेले ते सेल. सेल आधी सांगत नाही. थंडगार असतो, निजल्यासारखा, आणि मग फुत्कार टाकतो. ट्रकचालकाला उडी मारता आली. बाळाला अजून कुशीवर वळता येत नव्हतं.

घरी विचारावं, असं तिला दोनदा वाटलं. पण घरी विचारून झालं होतं, आणि तो डोळ्यांत बघून नाही म्हणाला होता. घरी पुन्हा विचारलं तर तो सावध होईल, माल हलवील. सुपरवायझरला आधी सांगावं, तर मग आपल्या हातात काही राहत नाही. शेवटी तिला जे येत होतं तेवढंच उरलं, फाटकावरची झडती.

भोंगा झाला. रांग लागली. क्रेनवाला तपासून घेऊन बाहेर गेला आणि थांबला. आज सुपरवायझरही फाटकाशी उभा होता. ट्रकचं झाल्यापासून तो अधूनमधून येऊन उभा राही.

शेवटी जावई आला. त्याने पिशवी सारखी केली आणि "चला, चला" ऐकायच्या आधीच एक पाऊल पुढे टाकलं.

"हात वर करा," मावशी म्हणाली.

बाहेर कुणीतरी हसलं आणि मधेच थांबलं.

जावई जवळ आला. त्याने आवाज इतका खाली घेतला की तिलाच ऐकू यावा. "आई. घरी बोलू."

घरी बोलू. म्हणजे बोलण्यासारखं आहे. मावशीचे हात स्थिर राहिले. ते हात तिच्याही आधी म्हातारे झाले होते.

"इथे मी कुणाची आई नाही," ती म्हणाली. "इथे मी फाटकावर आहे. हात वर करा."

त्याने हात वर केले. खांद्याच्या जरा वर गेल्यावर ते अडले, चेहरा एकदा आवळला गेला, आणि मग त्याने ते जबरीने पूर्ण वर नेले. मावशीचे पालथे हात खांद्यांपासून निघाले. काखा. बरगड्या. कंबर. तिथे ते थांबले.

"शर्ट वर करा."

"आई..."

"शर्ट."

त्याने शर्ट वर केला.

आत पट्टा होता. मळकट, मातीच्या रंगाचा, दवाखान्यातून मिळतो तसा, पोटावर घट्ट आवळलेला, आणि पाठीच्या बाजूला त्याच्यात उभ्या शिवलेल्या पोलादी पट्ट्या. एकाशेजारी एक, ओळीने. कडेला कातडी सोलवटून लाल झाली होती आणि तिच्यावर बामाची चकाकी होती. दुसरं काही नव्हतं. मावशीने तरीही, सवयीने, पट्ट्याच्या आत बोट घालून ते पूर्ण फिरवलं, मग पिशवी पाहिली: डबा, टॉवेल, बामाची बाटली. दुसरं काही नव्हतं.

"हे कधीपासून?" सुपरवायझर पुढे आला.

जावयाने शर्ट खाली सोडला. "नारिंगी मोठा हात उतरवत होतो. साखळी सटकली. खाली पडू दिला असता तर तेलाची टाकी फुटली असती, म्हणून धरला."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर उतरवायला दिलं नसतं."

"नाहीच देणार!" सुपरवायझरचं बटण लागलं, निघालं. "उद्या तुझ्या पाठीने दगा दिला आणि ते धूड कुणाच्या अंगावर आलं तर? नाही. उद्यापासून टेपच्या टेबलावर. पुढचं मी वरती विचारतो."

टेपचं टेबल म्हणजे नवख्यांचं काम. बॅटरी समोर येते, टोकांना टेप लावायची, बाजूला सरकवायची. जावई हात उतरवायचा तेव्हा बाकीचे काम थांबवून बघायचे. इतका अजस्र तुकडा तो जमिनीवर असा टेकवायचा की आवाज होत नसे.

फाटकाबाहेर क्रेनवाल्याने नुसती टोपी काढली आणि पुन्हा घातली.

*

"मला विचारायचंस ना," लेक म्हणाली. ती ओरडली नाही. बाळ अंगावर पीत होतं, म्हणून तिला सगळं हळूच बोलावं लागत होतं, आणि त्यामुळे ते जास्त लागत होतं.

"तुला तरी कुठे ठाऊक होतं?"

"नव्हतं. पण माझ्यापुढे त्यांनी शर्ट वर केला असता, तर ते घरात झालं असतं. चार माणसांत नाही."

"मला बाळाची भीती वाटली गं."

"त्यांना पण तीच होती. काम गेलं तर बाळाचं काय, हीच." लेकीने बाळाची बोटं आपल्या पदरातून सोडवली. "तू सगळ्यांना चोर समजतेस ते ठीक आहे, आई. पण त्यांना तू एवढे दिवस सोडत होतीस ना? मग मी समजत होते की ह्यांच्यावर तरी तुझा विश्वास आहे."

मावशी सोडत होती ती विश्वासाने नव्हे, लाजेने. हा फरक तिलाच नीट कळलेला नव्हता; लेकीला कुठून सांगणार? ती खाली गेली. कुलूप उघडून आत जाताना तिने ते ओढून बघितलं नाही.

जावई मात्र रागावल्यासारखं वागला नाही, आणि तेच अवघड होतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात तो बाजूला झाला, तिला आधी जाऊ दिलं.

"काल मी..." ती म्हणाली.

"तुमचं काम होतं ते. तुम्ही केलंत."

"दुखतंय फार?"

"बसून असलं की नाही दुखत."

*

आठवडाभराने क्रेनने एक पिवळा हात उचलला. त्याच्यावर फुली होती, ठळक, दुरूनही दिसावी अशी. कटाईकडे नेताना दोर घसरला आणि हात बुडावर आपटला. बुडाशी एक पातळ झाकण होतं, चार स्क्रूंचं, पिढ्यान्‌पिढ्या कुणी उघडलं नसावं असं रंगाखाली बुजलेलं. ते निखळलं, आणि आतून अंगठ्याएवढे सेल, काळ्या पट्टीने एकत्र बांधलेले, फरशीवर घरंगळत आले.

क्रेनवाला वरून ओरडला. एका सेलच्या टोकाशी धुराची बारीक रेघ उठली होती. कुणी वाळूची बादली शोधेपर्यंत जावई टेबलावरून उठला, जवळच्या पिंपातली वाळू त्याने फावड्याने दोनदा ओतली, आणि मग तो फावड्यावर रेलून उभा राहिला, चेहरा पांढराफटक.

मग सगळ्यांना कळायला वेळ लागला नाही. प्रत्येक हाताबरोबर तारांचं एक लोखंडी कपाट येई. हाताने काय करायचं ते त्या कपाटात ठरे. सेल कपाटातही असत आणि हाताच्या बुडाशीही. शेडमधले लोक कपाटातले काढत, कपाटावर फुली मारत, आणि जोडीचा म्हणून हातावरही मारत. पुढचा माणूस हातावरची फुली बघे आणि बूड उघडत नसे. त्यामुळे पिंपात सेल कमी भरत होते. त्यामुळे ट्रक पेटला होता. फुली कधी कुणी खोडून बघितली नव्हती, कारण ती असली की बघायचं नसतं, हाच तर नियम होता.

"पुसा," सुपरवायझर म्हणाला. "सगळ्या फुल्या पुसा. प्रत्येकाचं बूड उघडा."

ती दुपार ओल्या फडक्यांत गेली. पिवळ्या, नारिंगी हातांच्या रांगा उभ्या होत्या आणि माणसं त्यांची अंगं पुसत होती, एखाद्या इस्पितळातल्यासारखी. फाटकावरून मावशीला ते सगळं दिसत होतं. जावई टेबलाशी बसून होता. निघालेले सेल त्याच्यासमोर येत होते, तो टोकांना टेप लावत होता, बाजूला सरकवत होता.

क्रेनवाला पाणी प्यायच्या निमित्ताने फाटकाशी आला.

"चोर नव्हताच म्हणायचा, मावशी."

"हं."

"मग एवढे दिवस आपण काय शोधत होतो?"

त्याला चेष्टा करायची होती की नाही ते कळलं नाही. मावशीने टेबलावरचा त्याचा पेला उचलला आणि रिकामा आहे की नाही ते बघून खाली ठेवला.

"आणि जावईबापूंचं काय? परत उतरवायला देतील का?"

"पाठ तीच आहे ना," मावशी म्हणाली.

भोंगा झाला. रांग लागली, पण तिच्यातला आवाज गेला होता. माणसं हात वर करत होती, मावशीचे हात फिरत होते, डबे उघडत होते, मिटत होते. झडती बंद होणार नव्हती. सेल आता खरोखरच शेडभर पसरलेले होते. जावई शेवटी आला. आता तो खरंच सगळ्यांत हळू चालायचा.

मावशीने मान दुसरीकडे वळवली. "चला, चला."

तो गेला नाही.

तिने पाहिलं. त्याने पिशवी टेबलावर ठेवली होती, उघडून, तिच्यातला डबा बाहेर काढून, झाकण बाजूला करून. आणि तो हात वर करत होता. खांद्यापर्यंत ते नीट गेले, तिथे अडले, आणि मग त्याने दात आवळून ते उरलेलं अंतर पार केलं.

"बघा, मावशी," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला उत्तर देता आलं असतं. सगळे म्हणत तसं तो म्हणाला होता, इतकंच.

ती पुढे झाली. घाई केली तर ती सूट दिल्यासारखी झाली असती, आणि सूट त्याला नको होती, हे तिला समजलं. म्हणून तिने सगळ्यांची करते तशीच केली. खांदे. काखा. बरगड्या. कमरेशी पट्ट्याच्या पोलादी पट्ट्या पालथ्या हाताला लागल्या, एकेक, आणि ती तिथे बाकीच्यांच्या कमरेशी थांबते तेवढीच थांबली. मग घोट्यांपर्यंत. डबा तिने उपडा केला, तळ वाजवून पाहिला.

"जा," ती म्हणाली.

त्याने हात खाली घेतले, डबा भरला आणि गेला.

मावशीने स्वतःची पिशवी उघडली, डबा, छत्री, चष्म्याची डबी काढली, पाहिली, परत भरली. फाटक लावलं. रस्त्यापलीकडे दिव्याच्या खांबाशी तो उभा होता. थांबेल असं तिला वाटलं नव्हतं. ती पोचताच त्याने सवयीने पिशवीसाठी हात पुढे केला.

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली, त्याच्यापासून लांबच्या. त्याने ते पाहिलं आणि हात खिशात घातला. मग दोघं घराकडे चालू लागली, त्याच्या सावकाश पावलाने.